रुग्णालयातले जुने केसपेपर परत मिळतात का?

आईची बायपास २०२० मध्ये झाली, घरात फक्त डिस्चार्ज कार्ड उरलंय, बाकीचे कागद मिळतील का आणि पुढचे कसे जपायचे, असं तुम्ही विचारलंय. मी ११ वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलं. माझं ऐका, उद्याच अर्ज द्या.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपावे लागतात. तुमची मुदत उलटलीय, पण ती किमान मुदत आहे. जागा असली की गठ्ठे पुढेही बरीच वर्षं पडून असतात. अर्जावर आयपीडी नंबर, म्हणजे भरती करताना रुग्णाला दिलेला नंबर, नक्की घाला, कारण आमच्या रॅकवर फायली नावाने नव्हे, नंबराने लागायच्या. डिस्चार्ज कार्डावर तो सापडेल, नाहीतर जुन्या बिलावर किंवा विम्याच्या कागदांत. ‘पूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रती’ असं लिहा, म्हणजे ऑपरेशन नोट, भुलीचा तक्ता, औषधांचा चार्ट सगळं त्यात येतं. अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. कागद असतील तर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असं तेच नियम सांगतात.

घरच्या कागदांत सगळ्यात नाजूक ईसीजी. तो बहुधा थर्मल कागदावर निघतो, शाई नसतेच. माझ्या वडिलांचा पहिल्या अटॅकचा ईसीजी मी प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवला होता. पुढे छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांना जुना-नवा शेजारी ठेवून पाहायचा होता, आणि माझ्या हातात जवळजवळ कोरी पट्टी. रोज दुसऱ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या माझ्याकडून हे झालं, ते अजून सलतं. काही प्लास्टिकमधल्या रसायनांनी हा कागद पुसट होतो, उन्हानेही होतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, उष्णतेने पट्टी काळी पडते. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि फाइलच्या नावात तारीख आधी लिहा.

अँजिओग्राफीची सीडी असेल तर तिचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा, फक्त चित्रं निवडून नको. आभा कार्डाचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखपत्राचा, १४ अंकी नंबर काढला म्हणून २०२० चे कागद आपोआप त्यात येणार नाहीत. ते तुम्हालाच स्कॅन करून चढवावे लागतील.

आईचा सगळ्यात अलीकडचा ईसीजी कुठे आहे? तो आज शोधा.