अर्ध्यावर थांबणारा बॅकअप

प्रश्न : आमच्या संस्थेचे वर्डप्रेसवर चालणारे संकेतस्थळ अपडेट करताना बिघडले. होस्टिंगच्या पॅनेलमधून आठवड्यापूर्वीचा बॅकअप परत बसवण्याचा तीनदा प्रयत्न केला, पण दर वेळी काम काही मिनिटे चालून थांबले. शेवटी डेटाबेसची फाइल पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमधून डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून चढवली. तेव्हा मुखपृष्ठ उघडले, मात्र जुन्या लेखांत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत आहेत. दोष सर्व्हरचा की बॅकअपचा?

उत्तर : चौथा प्रयत्न करण्याआधी थांबावे, ही पहिली विनंती. डेटाबेसच्या डंप फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या मजकूररूपी प्रतीत, बहुधा प्रत्येक टेबल आधी पुसून मग नव्याने तयार करण्याची आज्ञा असते. त्यामुळे मध्येच तुटलेल्या प्रत्येक प्रयत्नात जुने गेलेले आणि नवे पुरते न आलेले, अशी अवस्था होते. म्हणून आज जे काही सर्व्हरवर आहे, त्या मोडक्या स्थितीचीही एक प्रत प्रथम बाजूला काढून ठेवावी. अपडेटच्या दिवसापर्यंतचे नवे लेख आणि चित्रे कदाचित त्यातच सापडतील.

त्यानंतर बॅकअप तपासावा. संकुचित फाइल आपल्या संगणकावर उतरवून ती शेवटपर्यंत उलगडते का, ते पाहावे. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या नेहमीच्या साधनाने काढलेल्या डंपच्या अखेरीस, टिप्पण्या मुद्दाम बंद केल्या नसतील तर, ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ असते. ती ओळ नसेल आणि फाइल एखाद्या वाक्याच्या मध्येच संपत असेल, तर बॅकअप घेतानाच तो अपुरा राहिला आहे आणि सर्व्हरवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. त्याआधीच्या तारखेची प्रत शोधावी लागेल.

फाइल पूर्ण असेल, तर काम थांबण्याचे कारण बहुतेक वेळा मर्यादेत असते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या मूळ मांडणीत चढवायच्या फाइलला २ एमबीची आणि एका विनंतीच्या कामाला ३० सेकंदांची मर्यादा असते. होस्टिंग कंपन्या ती वाढवतात, तरीही मोठा डेटाबेस ब्राउझरमधून चढवणे हा मला नेहमीच अवघड मार्ग वाटतो. शेलची, म्हणजे सर्व्हरला थेट लेखी आज्ञा देण्याची, सोय असेल तर आयात तिथूनच करावी, म्हणजे या दोन्ही मर्यादा आड येत नाहीत. डिस्कवरील जागाही पाहावी. संकुचित फाइल, तिच्यातून उलगडलेल्या फाइली आणि चालू संकेतस्थळ या तिन्हींना एकाच वेळी जागा लागते. ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ असा संदेश आला, तर एखादी ओळ सर्व्हरच्या ‘मॅक्स अलाउड पॅकेट’ या एका वेळी स्वीकारायच्या मजकुराच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे का, ते तपासावे. ‘अननोन कोलेशन’ (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करण्याचा व क्रम लावण्याचा नियम) असा संदेश आला, तर डंप मायएसक्यूएल ८ वर काढला आहे आणि आपण तो जुन्या आवृत्तीवर किंवा मारियाडीबी या तिच्या भावंड प्रणालीवर चढवत आहात, असा संशय घ्यावा. अशा वेळी डंपच्या प्रतीत त्या कोलेशनचे नाव बदलून सर्व्हरला ठाऊक असलेले यूटीएफ८एमबी४ या देवनागरी सामावणाऱ्या अक्षरसंचाच्या कुटुंबातील नाव घालता येते. मूळ फाइलला हात लावू नये.

आता प्रश्नचिन्हांविषयी, कारण मराठी संकेतस्थळांना हा त्रास वारंवार होतो. अक्षरांच्या जागी ‘à¤’ यांसारखी विचित्र चिन्हे दिसली असती, तर मूळ बाइट शाबूत असून ते चुकीच्या अक्षरसंचाने वाचले जात आहेत, असे म्हणता आले असते आणि दुरुस्तीला वाव राहिला असता. टेबलातच प्रश्नचिन्हे साठली असतील, तर देवनागरी न सामावणाऱ्या संचात रूपांतर होऊन अक्षरे हरवली आहेत आणि त्या टेबलातून ती परत मिळणार नाहीत. डंप फाइल मात्र साध्या मजकूर संपादकात उघडून पाहावी. तिथे मराठी नीट दिसत असेल, तर काहीच बिघडलेले नाही: रिकामा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्ये तयार करावा, आयात करताना फाइलचा संचही तोच निवडावा आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमधील ‘डीबी कॅरसेट’ची नोंद त्याच्याशी जुळवावी. तिथेही प्रश्नचिन्हेच असतील, तर तो बॅकअप मजकुरापुरता निरुपयोगी आहे.

एवढे करूनही काम अडले, तर होस्टिंगच्या मदत विभागाला केवळ ‘रिस्टोर होत नाही’ असे न कळवता प्रयत्नाची अचूक वेळ आणि त्या वेळच्या एरर लॉगमधील (चुकांच्या नोंदवहीतील) पहिली ओळ पाठवावी. शेवटच्या ओळीवर जाऊ नये. ती बहुधा पहिल्या चुकीचाच परिणाम असते.