सकाळी कमी, संध्याकाळी जास्त: गिअरबॉक्सचं तेल नेमकं किती?

प्रश्न: माझी गाडी २००८ ची, ऑटोमॅटिक. परवा सकाळी इंजिन चालू करून लगेच गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, तर तेल वरच्या दोन खुणांच्या बरंच खाली. गॅरेजवाले म्हणाले, अर्धा लिटर टाका. त्याच दिवशी हडपसरहून ट्रॅफिकमधून घरी आल्यावर पाहिलं, तर तेल खुणेच्या वर! गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतारावर उभी असते. तेल टाकू का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, आत्ता थेंबभरही टाकू नका. हे तेल तापलं की फुगतं. वरच्या दोन खुणा तापलेल्या तेलासाठी असतात, त्यांच्याजवळ बहुधा ‘हॉट’ असं कोरलेलं सापडेल. सकाळच्या गार तेलाला तुम्ही त्या खुणा लावल्या, आणि त्यात उतार. संध्याकाळचं मापही धरू नका. उन्हात, सिग्नल-सिग्नलला थांबत आलेल्या गाडीचं तेल फार तापलेलं असतं, अर्धा तास थांबून मग बघायचं.

नाना पेठेत मी नवा कामाला लागलो तेव्हा एक गार गाडी मी वरच्या खुणेपर्यंत भरली होती. कात्रजचा घाट चढताना तेल ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सची हवा बाहेर जायच्या भोकातून, बाहेर आलं, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं आणि गाडीखालून धूर निघाला. गाडीत लहान मुलं होती. तो दिवस मी विसरलेलो नाही. जास्त तेल आतल्या फिरत्या भागांनी ताकासारखं घुसळलं जातं, फेस होतो. फेसात हवा, आणि हवेवर दाब टिकत नाही, त्यामुळे तेलाच्या दाबाने धरलेल्या आतल्या क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. तेल कमी असलं तरी पंप हवाच ओढतो. म्हणजे दोन्हीकडून दुखणं तेच.

आता माप असं घ्या. सकाळी गर्दीआधी पौड रोडने भूगावपर्यंत जाऊन या, वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली पाहिजे. मग सपाट जागी लावा, बेसमेंटच्या उतारावर नको. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवून गिअरचा दांडा पी (पार्किंग) पासून खालपर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि परत पी वर आणा. इंजिन चालूच ठेवा. ओढणी किंवा पदर खोचून घ्या, पंखा जवळच फिरत असतो. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पुसायला जुना धुतलेला सुती रुमाल घ्या. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जाऊन व्हॉल्व्ह अडकवतात. तेल दोन ‘हॉट’ खुणांच्या मध्ये असेल तर काम झालं.

एक अपवाद: होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून मिनिटभराच्या आत माप घेतात. म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडा. तेलाचा प्रकारही तिथेच लिहिलेला असतो, ‘ऑटोमॅटिकचं कुठलंही चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

रुमालावरचा डाग उजेडात बघा. लालसर असेल तर छान. तपकिरी आणि जळका वास येत असेल तर नुसतं वरून भरून भागणार नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मिसळलंय, गाडी तिथेच उभी करा आणि टो करून न्या.

तापलेल्या मापातही कमीच भरलं, तर हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही, ते कुठूनतरी गळतंय. नरसाळ्याने कपभर घाला, परत मोजा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा. सकाळी लाल डाग दिसला, तर तो पुढच्या चाकांपासून किती मागे पडलाय ते मोजून मला कळवा.