पिंग जातो पण ओएसपीएफ नेबर एक्सस्टार्टमध्येच अडकतो, काय बघू?

तुम्ही लिहिलंय की खाडीपलीकडच्या राऊटरला पिंग जातो, टायमर 10 आणि 40 दोन्हीकडे सेम, एरिया 0, तरी ओएसपीएफचा (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) नेबर, म्हणजे समोरचा राऊटर, एकीकडे एक्सस्टार्ट आणि दुसरीकडे एक्सचेंज (जोडणीच्या मधल्या पायऱ्या) दाखवतो, मग पडतो आणि परत पहिल्यापासून. अहो मग टायमर नि एरियाच्या मागे लागूच नका, ते चुकलं असतं तर गाडी इथवर आलीच नसती. कॉन्फिग एका राऊटरवरून दुसऱ्यावर कॉपी मारली असेल तर राऊटर आयडी (प्रत्येकाचा वेगळा लागणारा ओळख नंबर) एकच पडला नाहीये ना एवढं बघून घ्या, आणि मग थेट एमटीयू, म्हणजे एक पॅकेट जास्तीत जास्त किती बाइटचं चालेल तो आकडा.

होतं काय, डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होताना प्रत्येक राऊटर डीबीडी (डेटाबेसच्या यादीच्या) पॅकेटमध्ये आपल्या इंटरफेसचा एमटीयू लिहून पाठवतो, आणि समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की ते पॅकेट गुपचूप टाकून देतो. हॅलो (मी आहे असं नेबरला सांगणारं पॅकेट) छोटं असतं, तुमचा साधा पिंगपण छोटा, त्यामुळे दोन्ही मजेत जातात आणि आपण म्हणतो लिंक तर चांगली आहे.

आता कोणीतरी तुम्हाला सांगेल, एमटीयू इग्नोर (समोरचा एमटीयू तपासूच नको अशी सेटिंग) टाक, लगेच फुल होतं, म्हणजे जोडणी पूर्ण. होतं खरं. मीपण तेच केलेलं, दाभोळ आणि धोपाव्याच्या मधल्या रेडिओ लिंकवर. एका बाजूला 1500, दुसऱ्या बाजूला आधीच्या माणसाने 1480 टाकून ठेवलेलं, मला वाटलं चुकून राहिलंय, इग्नोर टाकलं, फुल झालं, चहा प्यायला गेलो. सात-आठ महिने काही नाही. मग जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात लाईट गेली, राऊटर बंद होऊन परत चालू झाला आणि नेबर एक्सचेंजमध्ये जाऊन बसला तो बसलाच. काहीच बदललं नव्हतं हो! खरं म्हणजे बदललं होतं, मधल्या काळात रूट वाढले होते. एका एलएसएचं (डेटाबेसमधल्या एका नोंदीचं) हेडर 20 बाइटचं, 1500 च्या पॅकेटात अशी 72 मावतात, तेवढं भरलं की पॅकेट 1492 चं होतं, आणि मधला रेडिओ 1480 च्या वरचं काही पुढे सोडतच नव्हता. रूट एकेक करून वाढत होते तोवर अपडेट छोटे छोटे जायचे म्हणून कळलं नाही, सगळा डेटाबेस एकदम पाठवायची वेळ आली तेव्हा अडकलं. म्हणजे 1480 टाकणारा माणूस शहाणा होता, फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं त्याने. मी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फेरीबोटीने पलीकडे गेलो, भिजायचा तो भिजलोच.

तर तुम्ही डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून पिंग मारा. सिस्को किंवा मायक्रोटिकवरून मारत असाल तर साइझ 1500 द्या, लॅपटॉपवरून असेल तर 1472, कारण तिथे 28 बाइटचं हेडर वेगळं धरतात, इथे बरेच जण फसतात. नाही गेलं तर आकडा कमी करत या, जिथे जायला लागेल तो तुमचा खरा एमटीयू (लॅपटॉपवरून मारलं असेल तर त्यात 28 मिळवा), तोच दोन्ही बाजूंना टाका आणि इग्नोर कुठे असेल तर काढा. 1500 आरामात गेलं तर मग मधल्या रेडिओचा काही दोष नाही, दोन राऊटरचे आकडे फक्त सारखे करा.

टू-वेवर (एक्सस्टार्टच्या आधीची पायरी) अडकलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, एकाच स्विचवर चार-पाच राऊटर असतील तर डीआर-बीडीआर (त्यांच्यातला मुख्य आणि राखीव राऊटर) सोडून बाकीच्यांचं आपापसात टू-वेच राहतं, ते बरोबर आहे. आणि इनिट (त्याच्याही आधीची पायरी) म्हणजे त्याचं हॅलो तुम्हाला ऐकू येतंय पण तुमचं त्याला पोचत नाहीये, तिथे फायरवॉल किंवा मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणारी पॅकेट) गिळणारा रेडिओ शोधा, हॅलो 224.0.0.5 या पत्त्यावर जातं.

पिंगचा आकडा किती आला ते खाली टाका, आणि मधे कुठला रेडिओ आहे तेपण.