कॉर्नेलियस रायनसारख्या युद्ध वार्ताहराने लिहिलेला इतिहास विश्वासार्ह मानायचा का?

तुम्ही विचारलंय की पेपरवाल्याने लिहिलेला इतिहास, म्हणजे कॉर्नेलियस रायनचा वगैरे, खरा धरायचा की नुसती रंगवलेली गोष्ट म्हणून वाचायचा. माझं उत्तर, रायनचा तरी बिनधास्त खरा धरा, आणि त्याचं कारण तो पेपरवाला होता हेच आहे.

माणूस डब्लिनचा, जन्म १९२० चा. ऐन दुसऱ्या महायुद्धात लंडनला आला, आधी रॉयटर्स ही वृत्तसंस्था मग डेली टेलिग्राफ हा पेपर, अमेरिकन बॉम्बर विमानांतून मोहिमांवर गेला, पुढे अमेरिकन सेनापती पॅटनच्या थर्ड आर्मीबरोबर फिरला. युद्धानंतर अमेरिकेत गेला. १९४९ ला डी-डेला, म्हणजे दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्या दिवसाला, पाच वर्षं झाली म्हणून तो नॉर्मंडीला परत गेला आणि तिथे त्याच्या डोक्यात पुस्तक शिरलं, पण 'द लाँगेस्ट डे' बाहेर यायला १९५९ उजाडलं.

मधली वर्षं कुठे गेली ते बघा. त्याने जाहिराती दिल्या की ६ जून १९४४ ला तुम्ही तिथे होतात का, आणि जे कोणी पुढे आले त्यांना प्रश्नावली पाठवली, कुठे उतरलात, किती वाजता, बोटीत काय बोलणं झालं, डायरी ठेवली होती का, जवळचं कोण गेलं. हजाराच्या वर लोकांनी उत्तरं दिली, त्यात जर्मन सैनिक होते, फ्रेंच गावकरी होते. आता एवढ्या वर्षांनी आठवण इकडची तिकडे होतेच, म्हणून तो ती लष्करी कागदपत्रांशी आणि दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून बघायचा. बर्लिनच्या शेवटच्या लढाईवरच्या पुस्तकासाठी तर मॉस्कोला जाऊन सोव्हिएत सेनापतींना भेटला. हे सगळे कागद आज ओहायो युनिव्हर्सिटीत जपून ठेवलेत, कोणीही तपासावेत, म्हणून मी विश्वास ठेवा म्हणतोय.

१९७० ला कॅन्सर निघाला, तरी हॉलंडमधल्या आर्नेमच्या लढाईवरचं 'अ ब्रिज टू फार' त्याने दुखणं सोसत पुरं केलं आणि ते आलं त्याच वर्षी, १९७४ ला, गेला. वय फक्त ५४. आजारपणात बायकोलाही न सांगता टेपवर बोलून ठेवायचा, ते तिला नंतर सापडलं, त्यावरून तिने पुस्तक केलं. मला हे वाचताना फार भरून आलं होतं.

मुंबईत राहून मला सारखं वाटतं की आपल्याकडे हे व्हायला हवं होतं. डी-डेच्या दोन महिने आधीच, १४ एप्रिल १९४४ ला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, दारूगोळा, कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा सगळं उडालं, फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. मस्जिद बंदर, माझगाव, डोंगरीकडच्या चाळींतून किती जणांनी ते पाहिलं असेल! तुमच्या ओळखीत तिथले कोणी नव्वदीचे आजी-आजोबा असतील तर मोबाईलवर रेकॉर्डिंग करून घ्या, आणि कुठे उभे होतात, किती वाजले होते, घरात कोण कोण होतं इथपासून विचारायला लागा.