घरी सुचत नाही, ऑफिस नको. मग लिखाण-डिझाइनचं काम कुठे बसून करावं?

मुंबईत असाल तर काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय आधी बघाच. 1870 साली बांधून झालेली दगडी इमारत, उंच छत आणि मागच्या बाजूला बाग. बाहेर रस्त्यावर केवढी वर्दळ, पण आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. सभासद व्हावं लागतं. आजूबाजूचे सगळे मान खाली घालून वाचत असले की मोबाइल उचलायची आपल्यालाच लाज वाटते, आणि मला तरी त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. फोनवर बोलायचं काम मात्र घरीच उरकून जा.

नव्या कामाची जुळवाजुळव करायची असेल तर पाचगणीजवळचं भिलार. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे: लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्यात, प्रत्येक घरात वेगळ्या विषयाची मराठी पुस्तकं. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या, वही-पेन घेऊन बसा. शक्यतो मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते.

कॅफेत मी फक्त ईमेलला उत्तरं देतो. तासाभराने टेबल अडवल्यासारखं वाटायला लागतं.