प्रश्नावलीत गुण कमी आले, तरी डॉक्टरांना दाखवावे का?

प्रश्न : माझे मामाजी २००६ साली सैन्यातून निवृत्त झाले. १९९९ च्या कारगिल युद्धात ते आघाडीवर होते. मे महिन्यात माजी सैनिकांच्या आरोग्य शिबिरात त्यांच्याकडून वीस प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. त्यात १४ गुण आले, तेव्हा ‘३३ च्या खाली आहे, काळजी नको’ असे सांगितले गेले. पण हरभरा-तूर उभी असताना शेजारच्या वावरात रानडुकरे हाकलायला कोणी फटाका फोडला, की ते ताटावरून उठतात आणि गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसून राहतात. रात्री झोप नाही, म्हणून पीक नसतानाही जागलीला जातात. आम्ही कागद खरा मानायचा, की डोळ्यांनी पाहतो ते?
— एक वाचक भगिनी, जि. बुलडाणा

उत्तर : डोळ्यांनी पाहता ते खरे माना आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा.

वर्णनावरून तो कागद ‘पीसीएल-५’ ही प्रश्नावली असावी. अमेरिकेतील राष्ट्रीय पीटीएसडी केंद्रात तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या महिनाभरातील २० त्रासांना ‘अजिबात नाही’ म्हणजे ० पासून ‘अत्यंत’ म्हणजे ४ पर्यंत गुण ज्याचे त्यानेच द्यायचे असतात. ८० पैकी ३१ ते ३३ च्या आसपास किंवा पुढे बेरीज गेली, की आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजेच पीटीएसडीची, शक्यता धरून पुढची तपासणी करतात. निदान मात्र डॉक्टर समोर बसून, एकेक प्रसंग विचारूनच करतात. समजा, १०० माजी सैनिकांपैकी १० जणांना हा विकार आहे आणि चाचणी आजारी आणि निरोगी अशा दोघांच्याही बाबतीत शंभरात ८० वेळा बरोबर ठरते. तरीही दोघे आजारी निसटतील आणि १८ निरोगी माणसे उगाच धास्तावतील. म्हणून कोणीही सुटू नये असा हेतू असेल, तेव्हा ही रेषा खाली आणावी लागते.

तुमच्या मामाजींनी खोटे लिहिले, असे मला मुळीच वाटत नाही. प्रश्न गेल्या महिन्याचा होता आणि शिबिर मे महिन्यात झाले. तेव्हा वावरे मोकळी असतात, फटाके वाजत नाहीत, त्यामुळे दचकण्याच्या प्रश्नापुढे त्यांनी प्रामाणिकपणे शून्य लिहिले असेल. ‘सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखे राहता का’ हा प्रश्न तर ज्याची सारी नोकरी पहाऱ्यात गेली आणि जो आजही जागलीला जातो, त्याला त्रासाचा वाटतच नाही, ते त्याच्या लेखी कर्तव्य असते. आठवणी टाळण्याचेही तसेच आहे. ज्याने लग्नाच्या वरातीला जाणे कधीच सोडून दिले, त्याला आपण काही टाळतो आहोत हे जाणवतही नाही. शिवाय अशा शिबिरात शेजारच्या खुर्चीवर जुना सोबती बसलेला असतो, आणि ‘वेडा ठरलो तर पेन्शन जाईल’ ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. त्यांना स्पष्ट सांगा, की सेवेबद्दल मिळणारे निवृत्तिवेतन अशा निदानामुळे बंद होत नाही.

जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाताना जुना कागद सोबत न्याच, पण त्याबरोबर तुमचे एक पान न्या : फटाका कधी वाजला, ते गोठ्यात किती वेळ बसले, किती रात्री झोपले नाहीत, दारू वाढली आहे का. हे पान त्यांच्या नकळत लिहू नका. ‘मामाजी, तुमची झोप बरी व्हावी म्हणून लिहिते’ असे सांगूनच लिहा. डॉक्टरांनी प्रश्नावली पुन्हा भरायला दिली, तर ती घाईने भरू नये. एकेक प्रश्न त्यांना वऱ्हाडीत वाचून दाखवावा, मात्र उत्तर त्यांचेच असावे. उपचारांत त्या आठवणींवर थेट काम करणारी, ठरावीक बैठकांची समुपदेशन पद्धत आणि गरजेप्रमाणे औषधे यांचा चांगला उपयोग होतो, इतक्या वर्षांनंतरही.

जगण्यात अर्थ नाही असे ते बोलले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्यांना एकटे सोडू नका, फवारणीची औषधे त्याच दिवशी घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, परवान्याची बंदूक असल्यास ती पोलीस ठाण्यात जमा करा, आणि त्यांना थेट रुग्णालयात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.