गर्भपाताच्या गोळ्या घरी घ्याव्यात की दवाखान्यात थांबून?

तुम्ही लिहिले आहे की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सात आठवडे झाले आहेत, डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या आहेत आणि दुसऱ्या टप्प्यातील गोळ्या घरी घ्यायच्या की दवाखान्यात, हे तुमच्यावर सोपवले आहे. मी जिल्ह्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पहिल्या गोळीआधीची तपासणी नीट झाली असेल, सोबतीला जाणते माणूस असेल आणि अडीअडचणीला रुग्णालय लवकर गाठता येत असेल, तर घर सुरक्षित आहे. यांतली एक जरी गोष्ट कमी असेल, तर दवाखान्यात थांबा, असेच मी सांगेन.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची. ती बहुधा डॉक्टरांसमोरच देतात आणि त्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. खरा त्रास २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलनंतर होतो. काही तासांतच ओटीपोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त अंगावरून जाते, गाठी पडतात, थंडी वाजते, क्वचित जुलाबही होतात. हे पहिले काही तास कोठे काढायचे, एवढाच तुमचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी योग्य माहिती व मदत हाताशी असेल तर १२ आठवड्यांपर्यंत घरी गोळ्या घेणे मान्य केले आहे. भारतात या गोळ्यांच्या संचाला ६३ दिवसांपर्यंत मान्यता आहे आणि त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात.

तपासणीवर मी एवढा भर देते, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या आणून घेतलेली एक बाई आमच्याकडे आली होती. थोडे रक्त गेले म्हणून काम झाले असे समजून ती दोन दिवस पोटातल्या कळा सोसत घरीच राहिली होती. आणले तेव्हा चेहरा पांढराफटक, नाडी हाताला लागत नव्हती. नळी फुटून पोटात रक्त साचले होते. तातडीने शस्त्रक्रिया करून ती वाचली. म्हणून दिवसांबद्दल जराही शंका असेल किंवा एकाच बाजूला दुखत असेल, तर आधी सोनोग्राफी करून घ्या. हिमोग्लोबिन फार कमी असेल, रक्त पातळ होण्याच्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा तांबी आत असेल, तर तेही आधी सांगा. रक्तगट विचारतातच.

घराबद्दल आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, पण मी विचारते : तुम्हाला कण्हता येईल का? एकत्र कुटुंबात, सासरच्यांना कळू न देता, चौकाच्या पलीकडल्या संडासात वारंवार जात, दुपारी पुन्हा स्वयंपाकाला उभे राहायचे असेल, तर त्या दिवशी दवाखान्यातली खाट घेणे मुळीच वावगे नाही. त्यासाठी पतीची सही लागत नाही. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे.

घरीच राहायचे ठरवले तर वेदनाशामक गोळी आणि मोठे पॅड आधीच आणून ठेवा, आणि डॉक्टरांचा रात्री लागणारा क्रमांक सोबतच्या माणसाकडेही द्या. सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, चक्कर येऊन पडल्यासारखे झाले, मिसोप्रोस्टॉलच्या दिवसानंतरही ताप राहिला किंवा घाण वासाचा स्राव आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. चोवीस तासांत रक्तस्राव झालाच नाही तर आपल्या मनाने आणखी गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना कळवा.

दोन आठवड्यांनी दाखवायला मात्र जाच, तब्येत ठणठणीत वाटली तरी. काही जणींमध्ये गर्भाचा अंश आत राहतो आणि पिशवी साफ करावी लागते. क्वचित गर्भ वाढतच राहतो, आणि मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येण्याचा धोका असतो. लघवीची चाचणी त्यानंतरही काही आठवडे दिवस राहिल्याचे दाखवू शकते, म्हणून तिच्यावरून घरी निष्कर्ष काढू नका. पुढची पाळी येण्याआधीही पुन्हा दिवस राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधकाचे त्याच भेटीत विचारून घ्या.